खुर्चीच्या पायाखाली काय लावायचं: फेल्ट, टेफ्लॉन की रबर?

गणपती आले की आमच्या दादरच्या घरात सामानाची बदली होते. मखराला जागा हवी म्हणून दिवाण खिडकीशी, टेबल आतल्या खोलीत, लोखंडी कपाट हातभर डावीकडे. पूर्वी पायाखाली ओलं गोणपाट सारून ढकलायचो. त्यातलंच एक गोणपाट कपाटाखाली विसरलं आणि मोझॅकवर गंजाचं गोल उमटलं, ते कशानेच गेलं नाही.

आता चकत्या मिळतात. फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड मऊ कापडाच्या, सगळ्यात स्वस्त. खुर्ची ओढली तरी खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. पण आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसतात. फेल्ट ते पाणी पितं, पावसाळ्यात गोंद सुटतो आणि चकती पायाच्या बाहेर डोकावायला लागते. गेल्या महिन्यात एक खुर्ची उलटी केली, तर फेल्टमध्ये केसांचा गुंता आणि चमचमणारी बारीक वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस् मापावर ७, संगमरवर जेमतेम ३. म्हणजे लादी वाचवायला लावलेली चकतीच पॉलिश पेपर झाली! लाकडी लॅमिनेटवर मात्र फेल्टच लावा. तिथे तसंही कोणी बादलीभर पाणी ओतत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी खुर्ची उलटून बघायची, एवढंच.

टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत चुकून सापडलं. ते पाणी शोषत नाही आणि त्यावर वजन सहज सरकतं. कपाट, दिवाण, सोफा यांना हेच. शक्यतो स्क्रूने बसणाऱ्या चकत्या घ्या, फक्त स्क्रूचं डोकं आत बुडलेलं हवं, नाहीतर तेच लादी खरवडतं. कपाट हलवायचं तर आधी रिकामं करा आणि जोर खालच्या बाजूने लावा. वरून ढकललं की ते कलतं. ही चकती म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीला मात्र नको. चकचकीत विट्रिफाइड लादीवर बसायला गेलं की खुर्ची मागे पळते.

त्या खुर्चीला रबरी बूच. रबराचं काम सरकवणं नाहीच, धरून ठेवणं आहे. स्टुलालाही तेच बरं. स्टीलच्या पाइपाची कड बूच आतून कापते, म्हणून आत आधी एक वॉशर टाका. काळं रबर संगमरवरावर आणि व्हिनाइलवर डाग सोडतं, तिथे पांढरं किंवा पारदर्शक बघा.

चिकटवायच्या चकत्याच घेणार असाल, तर पायाचा तळ स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि रात्रभर खुर्चीला हात लावू नका. आमच्याकडे जेवणाच्या खुर्च्यांना नायलॉनच्या ठोकून बसवलेल्या चकत्या आहेत. ओढताना थोडा आवाज होतो, पण लादी पुसणाऱ्या मावशींची तक्रार नाही. आजीच्या खुर्चीला तेवढी रबरी बुचं.