एनफिल्ड, स्नायडर की मार्टिनी: परवान्यावर जागा दोनच असतील तर

वारशाने जुनी बंदूक आली की माणूस आधी किंमत विचारतो, मग भिंतीवर कोणती शोभेल ते बघतो. माझ्या मते दोन्ही प्रश्न नंतरचे. काळ्या दारूची, म्हणजे जुन्या, धूर ओकणाऱ्या बंदुकीच्या दारूवर चालणारी लष्करी रायफल ठेवायची की सोडायची, हे तिच्या खुराकावरून ठरवावं. ती काय खाते, ते इथे मिळतं का, आणि मिळत नसेल तर ते घरी तयार करायची मुभा आहे का?

हे ठरवण्याची वेळ आता पुष्कळांवर येते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेल्यांनाही तीच मर्यादा आहे. आजोबांच्या कपाटात तीन असतील तर एक जाणारच.

मराठवाड्यात अशा बंदुका निघाव्यात यात नवल नाही. हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथे होत्या. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली. शिवाय निजामी अमलातले जहागीरदार, देशमुख, पाटील होतेच. कोणाच्या घरात कोणती बंदूक कशी आली, ही ज्याची त्याची कथा. ती ऐकावी, पण सगळीच खरी धरू नये. अर्ध्याअधिक घरांत आजोबांनी त्याच बंदुकीने वाघ मारलेला असतो.

आता तिघींची ओळख.

पॅटर्न १८५३ एनफिल्ड ही ठासणीची. नळी ३९ इंच, आतला व्यास .५७७ इंच. कागदी काडतूस फाडायचं, दारू तोंडातून ओतायची, गोळी गजाने खाली ठासायची, मागच्या निपलवर ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि बार काढायचा. लष्करी बार साधारण साडेचार ग्रॅम दारूचा आणि गोळी चौतीस ग्रॅमच्या आसपास. १८५७ ला निमित्त झालेली चरबीची काडतुसं हिचीच. औरंगाबादच्या छावणीतही त्या जूनमध्ये कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला होता. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा नसलेली, .६५६ इंच व्यासाची गुळगुळीत नळीची आवृत्ती काढली. दिसायला तीच एनफिल्ड, पण पन्नास-साठ यार्डांपलीकडे भरवसा नाही. तुमच्या घरातली कोणती, हे नळीच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं की कळतं. परवान्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, तो पुढे येईल.

स्नायडर ही त्याच एनफिल्डची कापून केलेली सुधारणा. १८६६ पासून नळीचा मागचा भाग कापून त्यात उजवीकडे उघडणारं झाकण बसवलं गेलं. त्यामुळे गज सुटला आणि मिनिटाला तीन बारांच्या जागी दहा बार निघू लागले. काडतूस कर्नल बॉक्सरचं, पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनवलेलं.

मार्टिनी-हेन्री १८७१ ची, मुळापासून नवी. खालची कडी ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो आणि काडतूस सरळ आत जातं. साडेपाच ग्रॅम दारू, एकतीस ग्रॅमची गोळी, खांद्याला बसणारा दणका वेगळाच. बाहेर घोडा नसल्यामुळे ती ताणलेली आहे की नाही, हे उजव्या अंगाच्या छोट्या दर्शकावरूनच समजतं. घरात लहान मुलं असतील तर हे ध्यानात ठेवा.

१८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं, असं धोरण होतं. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा शिपायांना स्नायडर मिळाली, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर शिपायांकडे मार्टिनी. म्हणून बंदुकीवरचं साल आणि ती आपल्या भागात वापरात असल्याचं साल यांत दहा-वीस वर्षांचं अंतर सहज असतं. त्यावरून कोणी तिला नकली ठरवू नये. नकली मार्टिनी मात्र खरोखर पुष्कळ आहेत. वायव्य सरहद्दीकडच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या कारागिरांनी राणीचा शिक्का आणि मुकुटसुद्धा हाताने कोरलेत. अक्षरं उलटीसुलटी किंवा वाकडी दिसली तर तिच्यातून बार काढायचा विचार सोडून द्या.

खरा फरक भरण्यात आहे. एनफिल्डला पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, लागतच नाही. काळी दारू, टोपी, मऊ शिशाची गोळी आणि तिला मेण-चरबीचा हात, एवढ्यावर तिचं भागतं. दारू आणि टोपी परवान्यावर, परवानाधारक दुकानातून घ्यायची. गोळीला मागून खळगा असतो. बार झाला की तो फुलतो आणि गोळी नळीच्या खाचांना घट्ट धरते. शिसं कडक असेल तर ती फुलत नाही आणि नेम जातो. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, कधी फाटते. हा नियम तिन्ही बंदुकांना लागू आहे.

स्नायडरला पुंगळी लागते, पण ती जवळजवळ सरळ नळकांडीसारखी. परदेशातले हौशी लोक २४ बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीच्या पितळी पुंगळ्या कापून तिच्यासाठी वापरतात. आकार फारसा बदलावा लागत नाही आणि पुंगळी पुन्हापुन्हा भरता येते. तिघींत पुंगळीवाली घ्यायचीच असेल तर कमी डोकेदुखीची हीच. फक्त झाकण घट्ट बसतं का ते बघा. मार्क ३, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या झाकणाला खटका आहे. आधीच्या दोन मार्कना तो नाही, आणि सैल झाकणाचा वायू सरळ तोंडावर येतो.

मार्टिनीची पुंगळी बाटलीसारखी: बूड रुंद, मान अरुंद. सरळ पुंगळीला ती मान द्यायला खास साचे लागतात, मध्येमध्ये पितळ तापवून मऊ करावं लागतं, आणि घाई केली तर पुंगळी चिरते. मूळ पत्र्याची काडतुसं तर तिच्या काळातच बदनाम झाली. १८८५ च्या सुमारास सुदानच्या मोहिमेत गरम नळीत ती फाटून अडकू लागली, तेव्हा अखंड ओढलेली पुंगळी आणावी लागली. पुंगळीत जागा भरपूर, म्हणून दारू कमी घातली की वर पोकळी राहते. ती भरायला विलायतेतले लोक चक्क रवा वापरतात. आपल्याकडे रव्याला इतकं लष्करी काम कधी मिळालेलं नाही.

आजची धूरविरहित दारू या तिन्हींत कधीही नाही, अगदी थोडीसुद्धा नाही. तिचा दाब वेगळाच चढतो. फटाके फोडून काढलेली दारू तर त्याहून वाईट. शेतराखणीच्या बंदुका याच कारणाने फुटतात, आणि बोटं गेलेली माणसं सगळ्या तालुक्यांत सापडतील. कपाटात सापडलेली शंभर वर्षांची काडतुसंही उडवून बघायची नाहीत. परवान्यावर नसतील तर ती दुकानदारामार्फत किंवा पोलीस ठाण्यात जमा करा.

इथवर वाचून कोणाला पुंगळ्या मागवाव्याशा वाटल्या असतील, तर कायदा बघा. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत भरलेलं काडतूस तर दारूगोळा आहेच, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही त्यातच धरली आहे. कलम ५ प्रमाणे बनवायला परवाना लागतो, कलम १० प्रमाणे आयातीलाही. म्हणजे रिकामी पितळी पुंगळी आणि ती भरायचं यंत्र ही हौसेने मागवायची वस्तू नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी उत्तर हातात येईपर्यंत कोणत्याही ऑनलाइन दुकानात ऑर्डर टाकू नका. तोंडी 'चालतंय की' म्हणणाऱ्याची सही कुठेच नसते.

म्हणून माझा कौल असा. बार काढायची इच्छा असेल तर एनफिल्ड ठेवा. गुळगुळीत नळीची असेल तर आणखी बरं. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कलम १३ मध्ये वेगळा सांगितला आहे आणि त्याच कलमात वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही उल्लेख आहे. रानडुकरांनी उभी ज्वारी आडवी केलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण बार काढून हाकलणं वेगळं आणि जनावर मारणं वेगळं; मारायला वनखात्याची परवानगी लागते, बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही.

दुसरी जागा मी स्नायडर-मार्टिनीत न घालवता बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीसाठी ठेवीन. खडकीच्या आयुध निर्माणीची काडतुसं दुकानात मिळतात, आणि रात्री शेतात रायफलपेक्षा तीच कामाची. ज्याला शेत नाही, फक्त इतिहासाची हौस आहे, त्याने दुसऱ्या जागी मार्टिनी जरूर ठेवावी. तिची यंत्ररचना बघण्यासारखी आहे. मात्र ती बघण्यासाठीच आहे, हे आधी मान्य करावं. स्नायडर माझ्या यादीत तिसरी. हिच्यावर अन्याय होतोय हे मला कळतं, पण ती एनफिल्डइतकी सोपी नाही आणि मार्टिनीइतकी देखणीही नाही.

मार्टिनीची गोळी .३०३ ची निघाली, म्हणजे पुढे बदललेली मार्टिनी-मेटफर्ड किंवा मार्टिनी-एनफिल्ड असेल, तर प्रश्नच बदलतो. तो बोअर, म्हणजे नळीचा तो व्यास, प्रतिबंधित आहे. वकिलाशी बोलल्याशिवाय ती जागेवरून हलवू नका.

जी जाणार, तिला तीन वाटा. परवानाधारक विक्रेत्याला द्या; परवाना असलेल्या नातेवाइकाच्या नावावर करा; किंवा संग्रहालयाला विचारा. चौथी वाट काही लोक सुचवतात: बंदूक कायमची निकामी करून भिंतीवर. कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. नुसता चाप काढून ती मिळत नाही. शिवाय निकामी केली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत कोसळते, आणि गावच्या लोहाराकडून नळी कापून घेतली तर कलम ६ चा नवाच गुन्हा उभा राहतो. माझ्यापुरतं, धडधाकट मार्टिनीला भोक पाडण्यापेक्षा ती चालू अवस्थेत दुसऱ्याकडे गेलेली मला परवडेल.

वडील हयात असतील तर थांबून राहू नका. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असली, की २०१६ च्या नियमांनुसार ते हयातीतच वारसाच्या नावे परवाना करून देऊ शकतात. मृत्यूनंतर कागद जमवत बसलात तर तेवढे दिवस बंदूक ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे पडून राहते, आणि काळ्या दारूच्या बंदुकीला तो मुक्काम मानवत नाही. नळीत उरलेली काजळी हवेतलं पाणी ओढते. बीड-लातूरच्या उन्हाळ्यात काही होत नाही, पण आषाढात आठवड्याभरात गंज दिसतो. निवडणुकीत जमा करायच्या आधीही कढत पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, तेलाचा हात द्या, आणि पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून ताडून घ्या.