पिट्सबर्गचं रॉबर्टो क्लेमेंटे म्युझियम : बेसबॉल कळत नसलं तरी बघाच

पिट्सबर्गला आपली मंडळी बालाजीचं दर्शन घेतात आणि गाडी परत घराकडे वळवतात, त्यांना कळकळीनं सांगतेय, अजून अर्धा दिवस काढा आणि लॉरेन्सव्हिल भागातलं हे म्युझियम बघा. जुन्या फायर स्टेशनची बिल्डिंग आहे, इंजिन हाउस २५ म्हणतात तिला, एका फोटोग्राफरनं ती घेऊन नीटनेटकी केली आणि बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेचे फोटो, बॅटी, जर्सी असं सगळं तिथे जमवलं. गाईड बरोबर असतो, त्यामुळे आधी बुकिंग करूनच जायचं.

मला बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, तरी मी अजिबात कंटाळले नाही, कारण हा माणूसच तसा आहे. पोर्तो रिकोच्या कॅरोलिना गावचा पोरगा, शाळेत असताना भालाफेकीत नाव काढलेलं, आणि पुढे त्याचा थ्रो बघून लोक थक्क व्हायचे. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग, तिथलं सगळं करिअर पिट्सबर्गच्याच पायरेट्स टीमकडून, उत्तम फील्डिंगसाठी मिळणारे १२ गोल्ड ग्लोव्ह, बरोब्बर ३००० हिट्स (बॉल मारून बेस गाठला की एक हिट), त्यातली शेवटची ३० सप्टेंबर १९७२ ला. त्यानंतर रेग्युलर सीझनमध्ये एकही हिट नाही आणि पुढचा सीझन त्याच्या वाट्याला आलाच नाही.

खरं सांगायचं तर आकडे विसरले तरी चालतील, पण पुढचं विसरू नका. सीझन संपला की हा घरी जाऊन गरीब पोरांसाठी बेसबॉलची शिबिरं घ्यायचा, पोर्तो रिकोच्या मुलांसाठी स्पोर्ट्स सिटी उभी करायची हे त्याचं स्वप्न होतं. १९७२ च्या शेवटी तो टीम घेऊन निकाराग्वाला गेला होता, तिथली माणसं ओळखीची झालेली, आणि २३ डिसेंबरला तिथल्या राजधानीत, मानाग्वात, भूकंप झाला. यानं लगेच मदत गोळा करायला घेतली. पण पाठवलेलं सामान तिथले सत्तेवरचे लोकच मध्ये हडप करतायत असं कानावर आलं, मग म्हणे मीच जातो, माझ्यासमोर कोण हात लावेल. ३१ डिसेंबरच्या रात्री ओव्हरलोड झालेलं जुनं विमान सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात पडलं. वय ३८. बॉडी कधीच सापडली नाही. हे सगळं माहीत असूनही तिथे त्याचे हसरे फोटो बघताना माझा घसा दाटून आला.

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांचा मानाचा गट, त्यासाठी पाच वर्षं थांबायचा नियम असतो, याच्यासाठी तो बाजूला ठेवला आणि १९७३ मध्येच घेतलं, तिथे पोचलेला पहिला लॅटिन अमेरिकन हाच. पण मला सगळ्यात योग्य सन्मान वाटला तो त्याच्या नावाचा अवॉर्ड, दरवर्षी मेजर लीगच्या एका खेळाडूला मिळतो आणि त्यात समाजासाठी काय केलंस हेही बघतात. आपल्याकडेही क्रिकेटवाल्यांनी असं काहीतरी सुरू करावं असं मनापासून वाटतं. स्पोर्ट्स सिटीचं स्वप्न त्याच्या मागे बायको व्हेरानं पुरं केलं, तिचं खरंच कौतुक.

मुलं शाळेत जाणारी असतील तर जरूर न्या, अगदी लहानग्यांना मात्र इतका वेळ ऐकत उभं राहणं जड जाईल. आणि जमलं तर पायरेट्सच्या घरच्या मॅचच्या दिवशीच जा, म्हणजे म्युझियम झालं की क्लेमेंटेच्या नावाच्या पुलावरून चालत स्टेडियमला जाता येतं, तेव्हा पूल गाड्यांना बंद असतो. आत गेल्यावर राइट फील्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाची भिंत मुलांना दाखवा, त्याचा जर्सी नंबर २१ म्हणून तीही २१ फूट उंच ठेवलीय.