सोलापुरात सात रस्त्याजवळचा निबंध-भाषणाचा क्लास: माझा अनुभव

सहा रविवार केला हा क्लास, फी १२००, आणि वसूल झाली असं मनापासून सांगते. आदिवासी लोक आपली गोष्ट कशी सांगतात, सभेत कशी मांडतात, त्यावरून निबंध आणि भाषण शिकवतात.

पहिल्याच दिवशी सरांनी न्यूझीलंडच्या माओरी लोकांची ओळख सांगायची पद्धत दाखवली, पेपेहा म्हणतात तिला, आधी आपला डोंगर, मग नदी, मग आपली माणसं आणि नाव सगळ्यात शेवटी. आता आम्हाला शाळेपासून "माझे नाव अमुक" ची सवय, अर्धा तास पेनच हलेना. मग लिहिलं, उजनीचं पाणी, ते पण चार दिवसाआड, पूर्व भागातलं घर, खाली माग वर आम्ही, आणि माग बंद असला तरी घरात सगळे ओरडूनच बोलतो कारण तीस वर्षं खटखट ऐकून पप्पांना ऐकू कमी येतं. हे मी आधी कुठंच लिहिलं नव्हतं.

वर्गात वाचायच्या आधी मॅडम म्हणाल्या, पप्पांना विचारलंस का, गोष्ट त्यांची पण आहे ना. घरी जाऊन त्यांच्या कानाशी बसून सगळं वाचलं, त्यांनी कर्जाचं एक वाक्य काढायला लावलं, काढलं.

भाषणासाठी आदिवासी नेते जयपाल सिंह मुंडांचं संविधान सभेतलं १९ डिसेंबर १९४६ चं भाषण घेतलं (१९२८ च्या ऑलिंपिक हॉकी टीमचे कॅप्टन तेच). जंगली म्हणून हिणवतात तोच शब्द त्यांनी अभिमानानं स्वतःला लावला, आणि आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका असं भर सभेत सांगितलं. आवाज न चढवता एवढं बोलता येतं हे मला तिथं कळलं.

तक्रार एकच पण मोठी. शिकवणारे सगळे बाहेरचे, स्वतः त्या समाजातलं माणूस एकाच रविवारी आलं, एक पारधी ताई. आपण सोलापूरकर रिक्षावाल्याला रोज ज्या भागाचं नाव "सेटलमेंट" म्हणून सांगतो ना, तिथं इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती तारेच्या कुंपणात ठेवल्या होत्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला. ताईंनी आजीची रोजची हजेरी सांगितली तेव्हा हॉलमधे पंख्याचा आवाज येत होता फक्त. मी जन्मापासून सोलापुरात, कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या बॅचला ताईंचे तीन रविवार तरी ठेवा, मी परत फी भरून येते.