नवं वर्ष: एकरकमी बोनस की पगारवाढ?
एका महिन्याच्या पगाराइतका बोनस म्हणजे वार्षिक पगारखर्चात 8.33 टक्के भर, पण एकदाच. तेवढीच पगारवाढ मंदीतही दर महिन्याला द्यावी लागते. पुढचं वर्ष धूसर असेल तर बोनस बरा. मात्र त्याने माणूस टिकतोच असं नाही. रक्कम खात्यात पडेपर्यंत राजीनामा खिशात ठेवणारेही असतात. निम्मा आता, निम्मा सहा महिन्यांनी, हे आधीच लेखी द्या.

पगारवाढीत घोळ होतो तो सरसकट टक्क्यांमुळे. गल्ला, स्टॉक, उधारी एकहाती सांभाळणाऱ्यालाही इतरांइतकेच पाच टक्के? तो जाणारच. त्याच्या कामाला बाहेर काय मिळतं ते बघून त्यालाच भरीव वाढ द्या, बाकीच्यांना बोनस चालेल. प्रत्येकाला समोर बसवून आकडा कारणासकट सांगा. ग्रुपवर मेसेज टाकून नको.