दुकानात विचारून, की वावरात पाहून?

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, गुलाबी बोंडअळी आली की आमच्या यवतमाळकडे दोन वाटा असतात. पहिली सोपी: कृषी केंद्रात जायचं, दुकानदार देईल ते औषध आणायचं. वेळ वाचतो. पण पुढच्या साली प्रश्न तोच आणि आपणही तेच.

दुसरी वाट स्वतः शिकण्याची. एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे, रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचे. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग सापडले, किंवा २० हिरवी बोंडं फोडून २ जिवंत अळ्या दिसल्या, तरच फवारणी. सुरुवात जड जाते. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं, मिटलेलं फूल, ओळखायलाच मला आठ-दहा दिवस लागले. अडलं तर कृषी विभागाच्या शेतीशाळेत विचारावं. स्वतः शिकायचं म्हणून एकट्यानंच शिकायचं असं थोडंच आहे!

मला दुसरीच पटते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय मी डबा उघडत नाही. आणि दुकानात आता "काय मारू?" असं विचारत नाही, वहीतला आकडा सांगतो. बायकोनं यंदा तुरीची वेगळी वही केली आहे.