जुनी रेजीम की नवी? आधी कागद मोजा, मग टॅक्स

इन्कम टॅक्स मोजायच्या दोन पद्धती म्हणजे रेजीम, त्यातली कुठली घ्यायची, ऑफिसात दरवर्षी हाच प्रश्न, म्हणून 15 लाख पगाराचं गणित एकदाच मांडतो, आकडे 2025-26 चे.

नवीत 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन (प्रत्येक पगारदाराला मिळणारी ठरावीक वजावट) गेलं की उरतात 14.25 लाख, सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून टॅक्स 97,500. बास, कुठली पावती नको की काही नको. जुनीत 50 हजार स्टँडर्ड, 80सीचे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेमचे 25 हजार, होम लोनच्या व्याजाचे 2 लाख, एवढं सगळं खरंखुरं असलं तरी टॅक्स येतो 1,40,400. बरोबरीत यायला एकूण वजावट लागते 5,93,750, म्हणजे वरच्या सगळ्यावर अजून 1.69 लाखांची एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट. मुंबईत भाड्याने राहून गावाकडच्या घराचे हप्ते फेडणाऱ्याला जमेल हे, बाकीच्यांनी उगाच जीव काढू नये.

पगार 12.75 लाखांच्या आत असेल तर विषयच नाही, नवीत शून्य. पण शेअर्समधला शॉर्ट टर्म नफा हा टॅक्स शून्य करणाऱ्या रिबेटमध्ये (सवलतीत) बसत नाही, त्यावर वेगळा टॅक्स लागतो, इथे बरेच जण फसतात.

आता जुनीवाल्यांची खरी गोची. पूर्वी एजंट लोक मार्चमध्ये कुणाकडून तरी भाडेपावत्या, राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची पावती असं जमवून रिफंड काढून द्यायचे, "सगळेच करतात रे" म्हणायचे. 14 जुलै 2025 ला आयकर खात्याने असले खोटे क्लेम भरून देणाऱ्यांवर देशभरात 150 ठिकाणी धाडी घातल्या, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत 40 हजार करदात्यांनी आपणहून 1,045 कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले होते. त्या वर्षीपासून रिटर्नमध्येच पॉलिसी नंबर, लोन अकाउंट नंबर असला तपशील मागतात, वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन तर आधीपासूनच लागतो.

आईला भाडं देतोय म्हणणारे पण खूप, ते चुकीचं नाही, पण घर तिच्या नावावर हवं, पैसे खरंच तिच्या खात्यात जायला हवेत आणि तिच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दिसायला हवं. रोख दिले म्हणालात तर सिद्ध कसं करणार?

नोकरदाराला दरवर्षी रेजीम बदलता येते, पण जुनी हवी तर रिटर्न मुदतीतच भरा, उशीर झाला की नवीच लागते. धंदा किंवा फ्रीलान्सिंग असेल तर जपून, नवीतून जुनीत गेलात आणि परत नवीत आलात की पुन्हा जुनी नाही.

आणि मागच्या वर्षी काही खोटं दाखवलं असेल तर नोटिशीची वाट बघत बसू नका, अपडेटेड रिटर्न (जुनी चूक सुधारणारं रिटर्न) भरा. पहिल्या वर्षात टॅक्स, व्याज आणि त्यावर 25 टक्के जादा जातात, पकडले गेलात तर दंडच बुडवलेल्या टॅक्सच्या 200 टक्के असतो.