३१५ बोअरच्या रायफलची नळी: घरी बदलावी, लेथवर की परवानाधारकाकडे?

दिंडोरीच्या मावसभावाच्या नावावर काकांची ३१५ बोअरची रायफल आली आणि महिनाभरात तो झाडलेली तीन काडतुसं रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला. तिन्हींच्या बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर एक चकचकीत कडं उमटलेलं होतं. मी बारीक तारेचं टोक वाकवलं, आत घातलं आणि भिंतीवरून वर ओढलं. नेमक्या त्या कड्यापाशी तार अडकली. पितळ आतून खचलेलं होतं. त्याला म्हटलं, यापुढे एकही गोळी झाडू नकोस.

त्याचा प्रश्न सरळ होता: "दादा, नळी बदलू ना? अंबडला ओळखीचा लेथवाला आहे."

सातपूरच्या टूलरूममध्ये माझी नोकरी गेजमध्येच, म्हणजे मापं तपासायच्या साधनांमध्येच गेली, म्हणून हे सविस्तर लिहितो. बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, बंद केल्यावर त्याच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ३१५ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, ते त्या कडेवर टेकतं. ३०-०६ या दुसऱ्या काडतुसाला अशी कडा नाही, ते खांद्यावर, म्हणजे तोंडाकडे निमुळतं होतं तिथे टेकतं. अंतर जास्त झालं की गोळी सुटताना काडतुसाचा पुढचा भाग चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेला, चिकटतो, बूड मागे बोल्टपर्यंत ढकललं जातं आणि मधलं पितळ ताणलं जातं. ते फाटलं की तापलेला वायू मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

आता घरी बदलण्याचं. व्हिडिओत जे सोपं दिसतं ते बहुधा नटाने आवळायच्या अमेरिकी रायफलचं असतं. गो गेज (ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे असा मापाचा तुकडा) चेंबरमध्ये ठेवायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा. तिथेही इंचाला २० आटे असतील तर एका फेऱ्यात नळी १.२७ मिमी सरकते. ३०८ या काडतुसाच्या गो आणि नो-गो गेजमधला (नो-गोवर बोल्ट बंद होता कामा नये) फरक अवघा ०.१ मिमी, म्हणजे जेमतेम २८ अंशांचं फिरणं. नट आवळताना आट्यांतली ढील निघते आणि माप बदलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासावंच लागतं. आपल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या ३१५ ला असा नट नाहीच. तिची बांधणी ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलची. नळीचा खांदा बॉडीवर (ज्यात बोल्ट सरकतो) घट्ट बसला पाहिजे, त्याच क्षणी वरची साईट सरळ उभी राहिली पाहिजे, आणि मागच्या तोंडावरची एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची, खाचही जागेवर आली पाहिजे. तिन्ही एकदम जुळवणं हे घरच्या व्हाइसवरचं काम नाही.

अंबडच्या लेथवाल्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. शतांश मिलिमीटर तो सहज धरतो. पण त्याच्याकडे ३१५ चा गेज नाही, आणि ज्या मापाचा गेज नाही ते माप धरलं असं कुणी म्हणू नये. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्तीही करता येत नाही. २०१९ च्या बदलानंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. तुमच्या ओळखीखातर त्या माणसाला यात ओढू नका. घरी करणाऱ्यालाही हेच कलम लागतं, आणि सुटी नळीसुद्धा कायद्याने शस्त्राचाच भाग धरली जाते.

उरला परवानाधारक. वेळ लागतो, पैसे जास्त जातात, रायफल परवान्यासकट घेऊन जावी लागते. तरी निवड हीच. मात्र पाटी बघून विश्वास टाकू नका. आम्ही पहिल्यांदा गेलो तिथल्या माणसाने जुन्या काडतुसाच्या बुडावर चिकटपट्टी लावली, बोल्ट बंद केला आणि "ठीक आहे" म्हणाला. आम्ही रायफल उचलून परत आलो.

दुसऱ्याने आधी बोल्ट सोडवला, एक्स्ट्रॅक्टर काढला, चेंबर पुसून कोरडं केलं. हे आधी का, तर कचऱ्याचा एक कण किंवा ग्रीसचा थर गेजला खोटं बोलायला लावतो. नवी नळी बसवल्यावर गो गेजवर बोल्ट बंद होत नसेल तर पहिला संशय याच कचऱ्यावर घ्यावा, कापाकापीवर नाही. जोर लावून बोल्ट बंद करणं तर मुळीच नको. तुम्ही जाल तेव्हा इतकंच विचारा: या बोअरचे गो आणि नो-गो गेज दाखवाल का, आणि तपासताना मी समोर उभा राहू का? जो कां-कूं करेल त्याच्याकडे काम देऊ नका.

आमचा बोल्ट नो-गोवरही बंद झाला. पण नळी बदलण्याआधी त्याने बोल्टचं पुढचं डोकं बदलून पाहिलं. ली-एनफिल्डच्या बांधणीत ते वेगळं निघतं आणि त्याच्या लांबीत थोडा फरक असतो. जरा लांब डोकं लावल्यावर गोवर बोल्ट बंद झाला, नो-गोवर अडला. वाढलेलं अंतर नळीतलं नव्हतंच, वर्षानुवर्षांच्या झिजेचं होतं. नव्या नळीवर खर्च केला असता तरी ती झीज तशीच राहिली असती.

चाचणीत त्याने झाडलेली दोन काडतुसं भावाने मागून घेतली आणि थेट माझ्याकडे आला. कडं उमटलेलं नव्हतं. मी तीच तार आत घातली, बुडापासून तोंडापर्यंत ती कुठे अडकली नाही.